केळीवाले आप्पा आणि चिरुटाची खोली

धुळ्याहून टेम्पो आला तेव्हाच गल्लीला संशय आला होता. जळगावच्या महाबळमधल्या आमच्या कॉलनीला टेम्पोचं अप्रूप नाही. रोज कुणाचा ना कुणाचा सोफा नाहीतर फरशी उतरतच असते. पण या टेम्पोतून उतरले ते दोन-अडीच इंच जाडीचे, दोन्ही बाजूंनी पांढरा पत्रा लावलेले तक्ते, आणि ते सगळे शेजारच्या दुबईवाल्यांच्या फाटकातून आत गेले. दुपारच्या चहापर्यंत चार बातम्या तयार. एकीप्रमाणे तिथे पोराचा गाण्याचा स्टुडिओ होणार होता. दुसरीप्रमाणे सोनं ठेवायची तिजोरीची खोली; जळगावात बंद खोली म्हटली की सोनं आपोआप आत जाऊन बसतं. तिसरीप्रमाणे ध्यानमंदिर. चौथी बातमी शेजारच्या आप्पांच्या घरातल्या अक्कांची. "काही नाही हो सर, सुनेचं पटत नाही म्हणून म्हातारीला वेगळी खोली करून राहिले."

आप्पा तेवढे बोलले नाहीत. आमच्या घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकवून ते टेम्पो रिकामा होईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "पफ पॅनेल आहे ते. केळी पिकवायच्या चेंबरला लावतात. पण यांच्या अंगणात तर केळीचं एक खोड नाही."

आप्पांचा या विषयातला शब्द म्हणजे हायकोर्ट. मूळचे सावद्याकडचे. भावाभावांची केळी, आणि चार जणांच्या भागीदारीत एक रायपनिंग चेंबर. नातवंडांच्या शाळेसाठी जळगावात राहतात, पण जीव तिकडेच. रावेर-यावलच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हवा कशी सांभाळायची हे शिकवावं लागत नाही. पूर्वी वखारीत धूर करून केळी पिकवायचे, मधल्या काळात कार्बाइडच्या पुड्या आल्या, त्यावर बंदी आली, आणि आता थंड खोली, इथिलीन वायू आणि भिंतीवर आकडे दाखवणारं यंत्र. १६ ते १८ अंश, ह्युमिडिटी ९० ते ९५ टक्के, पहिले २४ तास दार बंद, मग साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, चार-पाच दिवसांत घड एकसारखा पिवळा. हे आप्पा पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

दोन दिवसांनी पक्की खबर आमच्या हिने आणली. भाजीवाल्याच्या गाडीवर दुबईवाल्या वहिनी स्वतःच बोलल्या होत्या. खोली चिरुटासाठी. म्हणजे चिरूट ओढायला नव्हे, चिरूट ठेवायला. आत माणूस उभा राहू शकेल अशी, आठ बाय सहाची, जुन्या कोठीघराच्या जागी. तिला ह्युमिडॉर म्हणतात.

अक्का बराच वेळ गप्प होत्या. हेही खरं तर बातमीत घालण्यासारखं. मग म्हणाल्या, "बिड्या ठेवायला खोली?"

"बिड्या नाही अक्का, सिगार. क्युबाहून येतात."

"तेच ते. जाळायचंच ना शेवटी?"

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. पण आप्पांचं कुतूहल जागं झालं होतं. तंबाखूचं पान कोरडं पडलं की चुरा होतो एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांचे एक नातलग निपाणीकडे असायचे. तिकडे वाळलेली तंबाखू दुपारी कुणी हलवत नाही, पहाटे दहिवरात पान मऊ असतं तेव्हा गोळा करतात. बिड्या वळणाऱ्या बायका टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, नाहीतर कात्री लावताच पान तडकतं. सिगारही पानंच. वरचं वेष्टण पानाच्या एकाच अखंड तुकड्याचं. हवा कोरडी असली की ते उकलतं, दमट असली की बुरशी धरतं. म्हणून ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी आणि १८ ते २१ अंश. हवानामध्ये हवाच एवढी दमट की ओलाव्याची काळजी फारशी करावी लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, भुसावळला त्याहून वर, आणि ह्युमिडिटी विशीच्या आसपास. अशा गावात चिरूट सांभाळायचे म्हणजे हौस मोठीच.

आणि दुबईवाल्यांनी मुहूर्त धरला तोही एप्रिलचा.

पहिल्या पंधरवड्यात त्यांनी काय केलं ते भिंतीवरून स्पष्ट दिसत होतं. खोलीत दीड टनाचा एसी बसवला. हवा कोरडी पडते म्हणून आत पाण्याची घमेली ठेवली. मीटर पस्तिशीच्या वर जाईना. घमेल्यांची संख्या वाढली. मग ओले टॉवेल आले. वहिनी सकाळ-संध्याकाळ आत पाणी नेत होत्या. बाहेरच्या बाजूला, एसीच्या नळीखाली, एक निळी बादली ठेवलेली होती. ती भरली की म्हातारीबाई तेच पाणी तुळशीला घालत.

आप्पांनी ती बादली दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी हाक मारली. "साहेब, आत ओतता तेच पाणी इकडून बादलीत येऊन राहिलं. तुम्ही खोली ओली नाही करून राहिले, तुळस जगवून राहिले."

दुबईवाले भले माणूस. रागावले नाहीत, भिंतीशी आले. आणि तिथे, उभ्या उभ्या, आप्पांनी त्यांना जे सांगितलं ते मी तीस वर्षं विज्ञान शिकवूनही वर्गात इतकं सोपं सांगितलं नव्हतं. आप्पांचं म्हणणं असं की खान्देशच्या हवेत पाणी कमी नाही. हवा तापलेली आहे, म्हणून ती कोरडी वाटते. तीच हवा थंड केली की तेच पाणी भरपूर वाटायला लागतं. मला पटेना. घरात जाऊन संपृक्त बाष्पदाबाचा तक्ता काढला, कागदावर मांडलं. ४२ अंशांची हवा, ह्युमिडिटी २० टक्के. तीच हवा, पाण्याचा थेंबही न घालता, २० अंशांवर आणली की ह्युमिडिटी जवळपास ७० टक्के! म्हणजे मे महिन्यातल्या जळगावच्या भर दुपारच्या हवेत चिरुटाला लागतं तेवढंच पाणी आहे. फक्त ते वाटेत सांडू द्यायचं नाही.

सांडतं कुठे, तर एसीच्या कॉइलवर. ही हवा चौदा-पंधरा अंशांच्या खाली गेली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि घरगुती एसीची कॉइल त्याहून बरीच गार असते. आप्पांच्या चेंबरला कॉइल मोठ्या पसाऱ्याची असते आणि खोलीपेक्षा थोडीशीच गार. हवा तिच्यावरून हळू फिरते, थंड होते, पण घाम गाळत नाही. म्हणून तर केळी काळी पडत नाहीत, सुरकुतत नाहीत, आणि व्यापाऱ्याला वजनात घट लागत नाही. "वजन म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे पैसा," हे आप्पांचं आवडतं वाक्य. दिवाळीला फराळ देतानाही म्हणतात.

मी मध्येच सुचवलं, एसीऐवजी आपला साधा कूलर का नको? आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निवृत्त असल्याचं समाधान वाटलं. कूलर खोली पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंतच आणणार आणि ह्युमिडिटी ऐंशीच्या पुढे नेणार. त्यात चिरुटाला बुरशी येईल आणि वर किडे.

शेवटी दुबईवाल्यांनी आप्पांच्या ओळखीचा मिस्त्री आणला, चेंबरची कामं करणारा. त्याने मोठी कॉइल लावली, दाराला चहूबाजूंनी फ्रिजला असतं तसं रबर बसवलं, खालची फट बंद केली, पॅनेलच्या सांध्यांत फोम मारला. त्याला एकच गोष्ट समजत नव्हती. "गॅसचा पाइप कुठून घ्यायचा?" इथिलीनशिवाय चेंबर त्याने आयुष्यात बांधलं नव्हतं. नको म्हटल्यावर त्याने आवाज खाली करून आप्पांना विचारलं, "मग पिकणार कसं?"

लाकडाचं प्रकरण वेगळंच रंगलं. सुतार धुळ्याचा, देवपूरचा, हात सोन्यासारखा. त्याने आल्या आल्या सागवान सांगितलं. दुबईवाल्यांना हवं होतं स्पॅनिश सीडर. हे लाकूड ना स्पेनचं, ना खरं सीडर. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं झाड, महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचा तून त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, आणि कडुनिंबही त्याच कुळातला. हे मी भिंतीवरून सांगून बसलो आणि आप्पा म्हणाले, "मग निंबाचंच लावा की! कीड फिरकणार नाही." सुतारानेही मान डोलावली. त्यांना समजावताना नाकी नऊ आले की तंबाखू शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेते, आणि निंबाच्या फळीवर ठेवलेला हजार रुपयांचा चिरूट काढ्यासारखा लागेल.

फळ्या मुंबईहून आल्या. तांबूस, हलक्या, पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास. हे लाकूड दमटपणात फुगून वाकडं होत नाही, जास्तीची ओल शोषून घेतं, हवा कोरडी पडली की परत देतं. सुताराने सांधे असे जुळवले की खिळा दिसू नये. मग त्याने विचारलं, पॉलिश कोणतं? दुबईवाले म्हणाले, पॉलिश नाही. त्याला वाटलं, पैशांची ओढ आहे. म्हणाला, "साहेब, मजुरीत करून देतो." नाही. साधा सीलर तरी? नाही. मेणाचा हात? तोही नाही, लाकडाची छिद्रं उघडीच राहायला हवीत. आपल्या हाताखालून असं उघडंबोडकं काम जाणार म्हणून तो फार हिरमुसला. जाताना मला म्हणाला, "सर, कोणी विचारलं तर माझं नाव नका सांगू."

काम झालं. डिजिटल मीटर बसलं. त्या मीटरवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न आप्पांच्या नातवाने सोडवला आणि तो प्रयोग मला मनापासून आवडला, कारण त्याला खर्च काहीच नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर दोन-चार थेंब पाणी, मीठ विरघळू द्यायचं नाही, नुसतं ओलं वाळूसारखं. ते झाकण आणि मीटर एका काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्या दिवशी आतली ह्युमिडिटी ७५ टक्केच असते. मीठ कुठल्याही दुकानाचं असो, गाव कुठलंही असो. दुबईवाल्यांचं मीटर ७१ दाखवत होतं. म्हणजे चार अंक कमी. महागाचं यंत्र दोन रुपयांच्या मिठाने पकडलं!

ओलाव्याची थोडी घट भरून काढायला एक छोटं धुकं सोडणारं यंत्र ठेवलं. त्यात नळाचं पाणी घालायचं नाही, आपल्याकडच्या क्षारांनी ते दोन महिन्यांत पांढरं पडतं. म्हणून दुबईवाले गॅरेजवाल्याकडून बॅटरीत टाकायचं पाणी आणतात. इन्व्हर्टरला एवढं पाणी कसं लागतं, अशी त्या गॅरेजवाल्याची शंका अजून आहे.

सगळं जमलं असं वाटत असताना म्हातारीबाईंनी खोली पाहिली.

त्या शिरपूरकडच्या. घरात उन्हाळ्याचं वाळवण दांडगं: उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे. जुनं कोठीघर याच कामाचं होतं आणि ते मुलाने घेतलं याचा राग त्यांनी मनात ठेवला होता. आता बघतात तर गार, स्वच्छ, सुगंधी लाकडाच्या फळ्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रिकाम्या. मुलगा चार दिवस पुण्याला गेला तसं त्यांनी वर्षाचं वाळवण फडक्यात बांधून तिथे मांडलं. एकदम रांगेत, खाली पापड, वर कुरडया, सगळ्यांत वर बिबडे. खालच्या कोपऱ्यात लाकडी पेट्या होत्या, त्या त्यांनी पापडांच्या मागे नीट सरकवून ठेवल्या.

पुढचा प्रकार अक्कांनी प्रत्यक्ष पाहिला, म्हणून त्यांच्याच शब्दांत. "बाईंनी निखाऱ्यावर बिबडा धरला. फुलतो कुठला! मऊ पोळीसारखा लोंबकळून राहिला. मोडून पाहिला तर मोडेना. सगळं सादळलं हो, वर्षाचं!" सत्तर टक्क्यांत दुसरं काय होणार? बाईंनी खोलीला नाव ठेवलं: शेवाळलेली. आणि त्याच रात्री दुबईवाल्यांनी गच्चीवर एक चिरूट पेटवला, दोन झुरके घेतले आणि वहिनींना हाक मारून विचारलं की हिंगाचा वास कुठून येतोय.

त्या पेटीतल्या सगळ्या चिरुटांना हिंग लागला होता. आप्पा हसून हसून भिंतीवरून खाली बसले. "खान्देशी चिरूट झाला हो! सोबत कळण्याची भाकर घ्या म्हणा."

किड्यांची गोष्टही राहिलीच. तंबाखूला एक बारीक तपकिरी भुंगेरा लागतो. त्याची अंडी पानातच, डोळ्यांना न दिसणारी. खोली चोवीस-पंचवीस अंशांच्या वर गेली की ती उबतात आणि चिरुटाला सुईने पाडल्यासारखी भोकं पडतात. आमच्या हिला मी मोबाईलवर फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हा तर आपल्या हळदीतला!" खरंच तोच. हळद, धणे, लाल मिरची, काहीही चालतं त्याला. मे महिन्यात एका दुपारी आमच्या भागाची वीज तीन-चार तास गेली, खोली तापली, आणि दुबईवाल्यांनी घाबरून सगळा साठा पिशव्यांत बंद करून फ्रीजरमध्ये टाकला. तीन दिवस गोठवले की अंडी मरतात. घरात चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आणि आइस्क्रीमच्या डब्याशेजारी हवानाचे चिरूट. वहिनींनी ते तीन दिवस फ्रिजला कुलूप लावून काढले, पण माहेरी फोन करून सगळं सांगितलं, आणि माहेर जळगावातच असल्यामुळे ते आमच्यापर्यंत अर्ध्या तासात आलं.

मीही मग एक दिवस आपल्याकडची मोठी गप सोडली, नाहीतर भिंतीवर नुसतं ऐकणाऱ्याला किंमत राहत नाही. म्हटलं, आप्पा, हे वेड मोठमोठ्यांना आहे. चर्चिलच्या चार्टवेलमधल्या घरात अभ्यासिकेशेजारी हजारो चिरूट साठवलेले असायचे. आणि केनेडी! १९६२ च्या फेब्रुवारीत क्युबाच्या मालावर बंदी घालायची होती. आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या प्रसिद्धी सचिवाला, पिअर सॅलिंजरला, बोलावून सांगितलं की उद्या सकाळपर्यंत मला हजारभर क्युबन सिगार हवेत. सॅलिंजरने वॉशिंग्टनमधली दुकानं पालथी घालून बाराशे आणले. ते हाती पडल्यावर केनेडीने टेबलाचा खण उघडला, बंदीचा कागद काढला आणि सही केली. हे सॅलिंजरनेच पुढे लिहून ठेवलं.

आप्पा विचारात पडले. "म्हणजे भाव वाढायच्या आधी माल भरला. आमचे व्यापारी काय वेगळं करतात?"

"आपल्याकडे चिरूट नव्हते का हो?" अक्कांनी विचारलं. होते ना. त्रिचनापल्लीचे चिरूट विलायतेत इतके माहीत होते की १८८७ च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत तो राखेवरून ते ओळखतो. पण ते तिकडे दक्षिणेत. खान्देशात चिलीम, बिडी आणि तोंडातली मळलेली. मळलेलीसाठी कुणी खोली बांधली नाही, चुन्याच्या डबीत काम भागलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि बाजू पालटली. आता बाहेरच ८५-९० टक्के. धुक्याचं यंत्र बंद केलं तरी दार उघडलं की मीटर चढतं. आषाढात काही चिरुटांवर पांढरी लव दिसली. दुबईवाल्यांनी ते एकेक काढून मऊ फडक्याने पुसले. खिडकीतून दिसायचं, चष्मा कपाळावर, हातात चिरूट, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत इतक्या अलगद. ज्या एसीच्या गारठ्याने एप्रिलमध्ये पाणी चोरलं होतं, तोच आता पुन्हा जोडावा लागला, पाणी काढायला. मिस्त्री म्हणाला, दोन्ही राहू द्या, उन्हाळ्याला एक, पावसाळ्याला एक. आप्पांनी लगेच दुरुस्ती केली: दिवाळीनंतर तिसरं काहीतरी लागेल, आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो.

निळी बादली परत नळीखाली आली आहे. तुळस तरारली आहे.

आता खरी अडचण वेगळी. खोलीत मावतात दोन-तीन हजार चिरूट, आणि आत आहेत साठ-सत्तर, त्यातले काही हिंगाचे. एवढ्या रिकाम्या खोलीत हवा स्थिर राहत नाही. माल भरलेला असला की तोच ओल धरून ठेवतो. हे आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्धं भरलेलं चेंबर नेहमी त्रास देतं. पण भरायचं कशाने? इथे घ्यायचे तर किमती आभाळाला भिडलेल्या. आणि परदेशातून येणाऱ्या माणसाला सामानात बिनजकातीचे पंचवीसच चिरूट आणता येतात, तसा नियम. त्यामुळे दुबईवाले सध्या कॉलनीत कुणाचं कोण आखातात आहे याची चौकशी करत फिरतात. कधी नव्हे ते सगळ्यांच्या घरी चहाला येतात. माझ्याकडेही येऊन गेले. माझा पुतण्या नाशिकच्या पुढे गेलेला नाही हे ऐकून चहा अर्धाच ठेवून उठले.

आप्पांचा भाचा मात्र तिकडे आहे. २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला गेली त्या सुमारास तोही गेला, केळीच्याच धंद्यात. तो दिवाळीला येतोय. दुबईवाल्यांनी आप्पांकडे शब्द टाकला, आप्पांनी हो म्हटलं, आणि भाच्याला फोन लावून तो मोठ्या आवाजात भिंतीवर ठेवला, म्हणजे दुबईवाल्यांनाही ऐकू जावं. पंचवीस चिरूट, अमुक नावाचे, पेटी फोडायची नाही, हातातल्या बॅगेत आणायचे.

मागून अक्कांनी फोन ओढून घेतला. "आणि ऐक रे, ते काय आणायचं ते आण, पण त्याच्याजवळ माझं केशर नको ठेवू. आणि खजूर दोन किलो. आणि तुझ्या मामाला सांग, ती खोली रिकामी आहे म्हणे. येत्या उन्हाळ्यात आंब्याची अढी घालायला देतात का विचारायला."

दुबईवाले भिंतीपलीकडे होते. काही ऐकलं नाही असं दाखवून ते मीटर बघायला आत गेले.